तंजावर, तंजावूर आणि टँजोर

कावेरीच्या सुपीक खोऱ्यात, तमिळनाडू राज्यात एक प्राचीन नगर वसले आहे. तमिळ भाषक त्याला ‘तंजावूर’ म्हणतात, मराठी भाषक ‘तंजावर’ म्हणतात, तर जुन्या इंग्रजी ग्रंथांत ते ‘टँजोर’ या नावाने भेटते. गाव एक आणि नावे तीन, असे का झाले असावे?

प्रथम मूळ नावाचा अर्थ पाहू. तमिळ भाषेत ‘ऊर’ म्हणजे गाव. ‘तंजा’ या पूर्वपदाविषयी मात्र एकमत नाही. तंजन नावाच्या असुराचा विष्णूने वध केला आणि मरतेसमयी असुराने मागितलेल्या वरानुसार नगराला त्याचे नाव मिळाले, अशी आख्यायिका आहे. ‘तंजम’ म्हणजे आश्रय. म्हणून आश्रय देणारे गाव ते तंजावूर, असाही अर्थ सांगितला जातो. पहिला अर्थ श्रद्धेचा, दुसरा शब्दाच्या फोडीचा. दोहोंतही ‘ऊर’ हे पद कायम राहते.

हे नाव मराठीतही जसेच्या तसे राहिले नाही. जुन्या बखरींत जिंजीला ‘चंदी’ आणि तंजावरला ‘चंदावर’ म्हटलेले आढळते. १६७५ च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी तथा एकोजी यांनी येथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली. पुढे सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात, १८०३ मध्ये, राजराज चोळाने उभारलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. दीर्घ सहवासामुळे ‘तंजावर’ हे नाव मराठीचे अगदी घरचे झाले.

इंग्रजांच्या कानाने हेच नाव निराळ्या रीतीने टिपले. दक्षिणेतील अनेक नावांच्या शेवटचा ‘ऊर’ इंग्रजीत ‘ओर’ झालेला दिसतो. वेलूरचे वेल्लोर, नेल्लूरचे नेल्लोर, मंगळूरचे मँगलोर झाले. त्याच चालीवर तंजावूरचे टँजोर झाले. मधला ‘वा’ गळाला आणि दंत्य ‘त’च्या जागी कठोर ‘ट’ आला. प्रत्येक भाषा परके नाव आपल्या उच्चारांच्या साच्यात घालते. त्यात नवल नाही. परंतु १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि १८५५ मध्ये, राजाला पुत्र नसल्याचे कारण सांगून, संस्थानच खालसा झाले. यानंतर इंग्रजी उच्चाराला सत्तेचे पाठबळ लाभले. नकाशे, महसुली दप्तरे, न्यायालये, सर्वत्र ‘टँजोर’ रूढ झाले.

आज शासकीय इंग्रजी व्यवहारात ‘तंजावूर’ हेच रूप वापरले जाते. सोनेरी वर्ख लावलेली तेथील चित्रे, वीणा आणि बाहुल्या यांची भौगोलिक मानांकनेही याच नावाने नोंदली गेली आहेत. तरीही चित्रांच्या बाजारात ‘टँजोर पेंटिंग’ हा शब्दप्रयोग टिकून आहे. रूढ झालेला शब्द केवळ आदेशाने बदलत नाही. २०२० च्या जून महिन्यात तमिळनाडू शासनाने १०१८ स्थळनामांची इंग्रजी रूपे तमिळ उच्चारांना जुळवून घेण्याचा आदेश काढला. परंतु टीका झाल्याने तो काही दिवसांतच मागे घ्यावा लागला.

मराठी लेखकाने येथे एक सावधगिरी बाळगावी. तमिळनाडूत इंग्रजी लिहिताना दंत्य ‘त’साठी ‘टी’ आणि ‘एच’ ही दोन अक्षरे जोडून वापरतात. महाराष्ट्रात याच अक्षरांचा उच्चार ‘थ’ असा केला जातो. त्यामुळे इंग्रजी पाटी वाचून ‘थंजावूर’ असे चुकीचे रूप लिहिले जाते. ‘ललिता’ या नावाचे ‘ललिथा’ होते, तेही याच कारणाने. शेकडो वर्षे मराठीत नांदणारे नाव इंग्रजीच्या वाटेने परत आणण्याचे प्रयोजन नाही. मराठीत ‘तंजावर’ लिहावे, तमिळ उच्चार दाखवायचा असल्यास ‘तंजावूर’ लिहावे, आणि जुन्या इंग्रजी ग्रंथाचे नाव देताना ‘टँजोर’ हे रूप बदलू नये.

ही केवळ शुद्धलेखनाची बाब नव्हे. तंजावरच्या मराठी राजवटीची कहाणी मोडी कागदांत, मंदिराच्या शिलालेखात आणि इंग्रजी दप्तरांत विखुरलेली आहे. ‘चंदावर’ हे दुसरेच एखादे गाव आहे असे समजणारा वाचक बखरीचा धागा गमावेल. ‘टँजोर’ ओळखू न शकणारा अभ्यासक इंग्रजी दप्तरासमोर असूनही रिकाम्या हाताने परतेल. नावाची सर्व रूपे ओळखता आली, तरच विखुरलेला इतिहास पुन्हा एकत्र जुळवता येतो.

पाठगत प्रश्न
१. ‘तंजावूर’ या नावाचे कोणते दोन अर्थ सांगितले जातात?
२. ‘थंजावूर’ हे चुकीचे रूप कसे निर्माण झाले, ते स्पष्ट करा.
३. आपल्या परिसरातील एका गावाच्या नावाची मराठी व इंग्रजी रूपे लिहा आणि त्यांच्या उच्चारांतील फरक सांगा.