चाकावरचे घर : आतल्या दुरुस्तीचा धडा

मेकॅनिकल म्हटलं की आपल्याला इंजिन आणि गिअरबॉक्सच आठवतो. पण ज्या गाडीत माणसं झोपणार, तिचा आतला भागसुद्धा अभियांत्रिकीचाच विषय आहे.

खामगावच्या काकांकडे बजाज टेम्पोची (२००५ पासून फोर्स मोटर्स) जुनी मॅटाडोर आहे. आत झोपायचे दोन बाक, छोटा ओटा, कपाट. शेगावची पालखी पंढरपूरला निघते, तेव्हा त्या वाटेवर आजीला या गाडीत मुक्काम करायचा होता. पायी चालणं तिला आता जमत नाही. काकांना घाई होती, "आधी सनमायका लावून टाकू." मी म्हटलं, "काका, आधी सगळं उघडू." त्यानंतरचा क्रम असा.

१) पाणी : प्लायवर बोटाने ठोका. बद्द आवाज आला की आत कुजलंय. टपावर पाणी ओतून आतून ओल शोधा. डाग दिसतो तिथेच गळती असते असं नाही. पाणी पत्र्याच्या आतून वाहत दुसरीकडे उतरतं. रबर बीडिंग बदला, सांधे बुजवा, गंज तारेच्या ब्रशने काढून प्रायमर मारा. मगच नवीन प्लाय.

२) वजन : आठ बाय चार फुटांचा १८ मिमी प्लाय साधारण ३५ किलो भरतो, १२ मिमीचा २३ किलो. म्हणून जाड प्लाय फक्त बाकांना वापरा. ६० लिटर पाणी म्हणजे ६० किलो! टाकी खाली ठेवा. ओटा आणि टाकी एकाच बाजूला आली तर गाडी कलते.

३) वायरिंग : पंखा आणि दिवे मिळून ६० वॅट धरा. १२ व्होल्टवर करंट ५ अँपिअर. बॅटरीपासून ५ मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन १० मीटर वायर. १ चौ. मिमी तांब्याच्या वायरीत सुमारे ०.८६ व्होल्ट वाया जातात, २.५ चौ. मिमीमध्ये ०.३४. फ्यूज बॅटरीजवळच हवा, नाहीतर मधली वायर शॉर्ट झाली तर तिला वाचवणार कोण?

४) गॅस : इथे तडजोड नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. गळला की तळाशी साचतो, आणि बाकावर झोपलेला माणूस तळाजवळच असतो. वरची खिडकी उघडी असून भागत नाही. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद, दार बाहेरून आणि तळाला बाहेर उघडणारं भोक, असं आम्ही केलं. थंडीत ऊब म्हणून शेगडी पेटवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मंग सैपाक बाहेरच करू, कायले आत?" सगळ्यात स्वस्त आणि सुरक्षित डिझाइन तिचंच निघालं.

५) कागद : मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही. नवीन काही जोडण्याआधी आरटीओत विचारा. आणि जुनी गाडी म्हणजे लगेच 'विंटेज' नव्हे. २०२१ च्या नियमांत त्यासाठी ५० वर्षांहून जास्त वय आणि मूळ रूप लागतं. शिवाय तशी नोंद झालेली गाडी रोजच्या वापरात रस्त्यावर आणता येत नाही.

शेवटी रेग्झिन, पडदे, सनमायका. हौस तिथे करा, पण पहिले चार टप्पे झाल्यावरच. तुमच्या गावातही अशी एखादी गाडी शेडमध्ये उभी असेलच. सुट्टीत पाना घ्या आणि आधी प्लाय ठोकून बघा!