बाटल्यांच्या आधी पाणी

चि. मुक्ता,



तुझ्या घरच्या बारचं ड्रॉइंग पाहिलं. हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीला लागून सहा फुटी काउंटर, मागे आरसा, त्यावर काचेच्या फळ्या, पुढे चार उंच स्टुलं. दिसायला झकास आहे. पण बर्फ कुठून येणार आणि ग्लास कुठे धुणार? त्या कोपऱ्यापासून तुझं सिंक अख्खा हॉल ओलांडून पलीकडे. म्हणजे पाहुणे रंगात आले असताना आमचे जावई समीरराव किंवा तू, बहुतेक तूच, ट्रे घेऊन येरझाऱ्या घालणार.

घरातल्या बारची जागा पाणी ठरवतं, हे माझं इतक्या वर्षांच्या कामातलं मत. म्हणून तो खिडकीचा नाद सोड आणि फ्रिजशेजारच्या भिंतीकडे वळ. त्या भिंतीमागे स्वयंपाकघराची लाइन आहे. छोटं सिंक जोडायला दोन-तीन फूट पाइप पुरेल. सांडपाण्याच्या पाइपला फुटामागे साधारण पाव इंच उतार लागतो. खिडकीपाशी सिंक नेलंस तर अठरा फूट पाइप, म्हणजे साडेचार इंच उतार; तेवढ्यासाठी हॉलची लादी उचलावी लागेल. प्लंबर ‘होऊन जाईल’ म्हणेल. प्लंबर नेहमीच म्हणतो. मग कधीतरी जोड सैल झाला, की खालच्या मजल्यावरची मंडळी तुला नावानिशी ओळखायला लागतील.

खिडकीला माझा आणखी एक विरोध आहे, उन्हाचा. दुपारचं ऊन बाटल्यांवर पडत राहिलं की व्हिस्कीचा रंग उतरतो, चवही बदलते. वाइनचं तर वाटोळंच होतं. व्हिस्की, रम, फेणी उभ्याच ठेवायच्या, कारण एवढं कडक मद्य बुचाला सतत लागून राहिलं तर बूच खराब होतं. बुचाची वाइन मात्र आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. नाशिकच्या बऱ्याच वाइनना हल्ली फिरकीचं झाकण असतं, त्यांना हा नियम नाही. पण वाइन साठवायची तर बारा ते चौदा अंश तापमान हवं, आणि पुण्याच्या एप्रिलात ते कुठून आणणार? तेव्हा तू फ्रिजच्या डोक्यावर काढलेला चौकटी-चौकटींचा वाइन रॅक रद्द कर. फ्रिजची सगळी गरम हवा तिथेच चढते. लागेल तशी एखादी बाटली आणावी आणि प्यावी.

आता मापं. काउंटर बेचाळीस इंच उंच केलास तर स्टुलाची बैठक तीस इंचांवर लागते. काउंटर छत्तीस ठेवलास तर चोवीस ते सव्वीस. दोन्हीकडे बैठक आणि काउंटर यांच्यात दहा-बारा इंच मोकळे हवेत आणि गुडघ्यांसाठी वरची फळी तेवढीच पुढे यायला हवी. तुझ्या ड्रॉइंगमध्ये ती चारच इंच आहे, म्हणजे माणूस तिरका बसणार. मी छत्तीसच्या बाजूने आहे. त्या उंचीवर सकाळी चहा होतो, सासूबाईंना उभ्याने भाजी चिरता येते, आणि आठवड्यातले सहा दिवस ती जागा घराच्या उपयोगी पडते. स्टुलं दोनच घे, पाठीची. आपल्याकडची मैफल शेवटी बैठकीवरच जाऊन रंगते. उरलेल्या स्टुलांवर टॉवेल वाळत पडलेले मी पुष्कळ घरांत पाहिले आहेत.

वरच्या दगडासाठी इटालियन मार्बल नको. लिंबाचा रस सांडला की मार्बलचं पॉलिश खातो आणि तो पांढुरका डाग पुसून जात नाही. काळा ग्रॅनाइट घे, निर्धास्त राहशील. सिंकखालचं कपाट आयएस ७१० शिक्का असलेल्या मरीन प्लायचंच करून घे. बाकी खण साध्या प्लायचे चालतील. सुतार सगळीकडे एकच माल लावू पाहील. शिक्का स्वतः बघ, सनमायका चढल्यावर काही कळत नाही.

ग्लास उलटे टांगायची ती हॉटेलसारखी पट्टी काढून टाक. स्वयंपाकघर जवळ आलं की फोडणीचा चिकट थर पहिल्यांदा तिथेच बसतो. काचेच्या दारांचं बंद कपाट कर, आणि आरसा काढ. आरशात बाटल्या दुप्पट दिसतात, धूळही दुप्पट दिसते. दिवे पिवळसर, सत्तावीसशे ते तीन हजार केल्विनचे, फळीच्या पुढच्या कडेखाली लपवलेले, आणि त्यांचं बटण वेगळं. छोटा फ्रिज काउंटरखाली बसवणार असशील तर तो समोरून हवा सोडणारा आहे ना, ते दुकानातच विचार. साधा फ्रिज कपाटात कोंडला तर तापतो आणि लवकर बिघडतो.

एका कपाटाला कुलूप हवंच. घरात लहानगा अथर्व आहे, आणि कामाला येणाऱ्या ताईंनाही उगाच संकोच नको. दोघांचे परवानेही काढून ठेवा. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात दारू बाळगायला परवाना लागतो आणि किती ठेवायची यालाही मर्यादा आहे. बिअर-वाइनसाठी वय एकवीस, बाकीसाठी पंचवीस. तुमच्या चुलत भावंडांना ग्लास देताना हे लक्षात असू दे. गोव्याहून येताना स्वस्त म्हणून डिकी भरून आणायचा बेत समीररावांनी मला उत्साहाने सांगितला. त्या बाटल्यांवर फक्त गोव्यात विक्रीसाठी असं छापलेलं असतं, आणि राज्याच्या हद्दीवर गाड्या उघडून पाहतात. हे समीररावांना माझ्या नावाने सांग.

सासूबाईंशी बोलली आहेस का? देवघर फ्रिजशेजारच्या त्याच भिंतीच्या टोकाला आहे. फ्रिजच्या पलीकडचे अडीच फूट मोकळे सोडून तिथे पुस्तकांचं कपाट घेतलंस तर देवघर आणि बार दोन्ही आपापल्या जागी राहतील. पण हे त्यांना तू आधी विचार, सुतार येऊन खिळे ठोकायला लागल्यावर नको. श्रावणात कपाट बंद राहील, असंही कबूल करून टाक. समीरराव गटारीला वसूल करतीलच. आणि एका खणात कोकमाचं सरबत, सोडा, लिंबं, चांगले जाड बुडाचे सहा ग्लास ठेव, म्हणजे न पिणाऱ्यालाही त्या काउंटरवर काम राहील.

शनिवारी सकाळी टेप घेऊन येतो. तोवर सुताराला आगाऊ पैसे देऊ नकोस, आणि खिडकीखालची लादी कुणालाही उचलू देऊ नकोस.

तुझा,
मामा