चॅम्पियनला ‘नाही’ कोण म्हणणार?

दापोलीत बॉक्सिंग शिकवतो म्हटलं की लोक आधी हसतात. इथे क्रिकेट चालतं, कबड्डी चालते आणि चार महिने फक्त पाऊस चालतो. माझ्या घरामागे चिऱ्याच्या भिंतींची पत्र्याची शेड आहे. बाहेर जांभळीला खताचं पोतं टांगलंय, आत चिंध्या आणि लाकडाचा भुसा. वीसेक वर्षं पोरं त्यावर हात शेकून घेतायत. त्यांतला एक लागोपाठ दोन वर्षं जिल्ह्यात पहिला आला. तिसऱ्या वर्षी विभागीय स्पर्धेत तो सांगलीकडच्या एका पोराकडून हरला. त्या पोराचं नावही आम्ही कधी ऐकलं नव्हतं. त्या हरण्यातून जे कळलं, ते लिहितो.

१. ठोसा शाबूत असतो, दम गेलेला असतो.

यातच सगळे फसतात. महिनाभर सराव चुकला तरी हातातला ठोसा कुठे जात नाही. दम मात्र पंधरवड्यात उतरतो, आणि तो उतरल्याचा आवाज येत नाही. आमच्या पोराचा सराव गणपतीत सुटला. कोकणात गणपतीत सराव करा म्हणणारा मास्तरच वेडा ठरतो. रात्री भजनं नि जाखडी, सकाळी झोप, दुपारी मोदक. परत आला तेव्हा पॅडवर उजवा हात पूर्वीसारखाच कडक बसत होता. मी म्हटलं, झालं तर मग. आसूदच्या चढाला घातला असता तर तिथेच कळलं असतं. एरवी तो चढ हा बोलत बोलत धावायचा.

विभागीय स्पर्धेतल्या त्या बाउटचा पहिला राउंड त्याचाच झाला. दुसऱ्याच्या मध्यावर डावा हात गालावरून छातीपर्यंत आला. तोंड इतकं उघडं की आतला माऊथगार्ड दिसत होता. स्टुलावर येऊन बसला आणि म्हणाला, “सर, पाय...” पुढचं बोललाच नाही. मी पाणी मारलं, मानेवर बर्फ धरला आणि “हात वर ठेव” म्हणालो. हात वर ठेवायला पाय लागतात, हे मला ठाऊक होतं. पण कॉर्नरमध्ये मिनिटभर असतं, त्यात माणूस काहीतरी बोलतोच.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, ३१ जुलै २०२१ ला, ५२ किलो गटात अव्वल मानांकित अमित पंघाल कोलंबियाच्या युबरजेन मार्टिनेझकडून हरला, तेव्हा मला हाच क्रम दिसला. पहिला राउंड अमितचा. नंतर मार्टिनेझच्या हातांचा पाऊस थांबेचना. निकाल १-४.

२. काट्यावर बसलं म्हणजे वजन उतरलं असं नाही.

मोदकांचे अडीच किलो चार दिवसांत उतरवायचे होते. प्लास्टिकचा रेनकोट घालून पोराला कर्द्याच्या वाळूत पळवला. शेवटच्या दिवशी पाणी तोडलं. काटा हवा तिथे थांबला, पोरांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. काय मूर्खपणा! उतरली होती ती चरबी नव्हे, अंगातलं पाणी. ते नसलं की रक्त घट्ट होतं, हृदयाचे ठोके वाढतात आणि शरीर तापलं की लवकर थंड होत नाही. म्हणजे जो दम आधीच कमी होता, तोही आम्ही काट्यावर ठेवून आलो.

दोनदा जगज्जेती झालेली निखत झरीन १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये चीनच्या वू यूकडून ०-५ हरली. दोन दिवस जेवण नाही, पाणीही वजन केल्यानंतरच, सावरायला वेळ मिळाला नाही, असं तिने नंतर स्वतःच सांगितलं. वू यू अव्वल मानांकित होती आणि पुढे सुवर्णही तिनेच घेतलं, त्यामुळे दोष सगळा वजनाचाच असं मी म्हणणार नाही. पण ते वाचलं त्या दिवशी शेडमधला तो रेनकोट मी बंबात घातला.

३. जिथे लढायचं तिथली हवा आधी प्यावी.

२००१ च्या एप्रिलमध्ये जगज्जेता लेनॉक्स लुईस दक्षिण आफ्रिकेत ब्राकपानला हसीम रहमानशी लढला. जागा समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर, म्हणजे हवा विरळ. रहमान बराच आधी जाऊन राहिला होता. लुईसने लास वेगासमध्ये ‘ओशन्स इलेव्हन’ सिनेमात काम केलं आणि तो उशिरा पोचला. पाचव्या राउंडला आडवा. नोव्हेंबरात त्याच रहमानला त्याने चौथ्या राउंडमध्ये झोपवलं. माणूस तोच, तयारी वेगळी.

४. जिंकणाऱ्याभोवतीचा ‘नाही’ म्हणणारा माणूस आधी नाहीसा होतो.

बाकी सगळं यातून येतं. ११ फेब्रुवारी १९९० ला टोकियोत माइक टायसन बस्टर डग्लसकडून दहाव्या राउंडला नॉकआउट झाला, तेव्हा मी तरुण होतो. मुंबईचा पेपर एसटीने दुपारी यायचा. बातमी वाचून वाटलं, छपाईची चूक असेल. टायसनच्या ३७ लढती, ३७ विजय, आणि डग्लसवर पैजेचा भाव ४२ ला १. नंतर हळूहळू बाकीचं कळत गेलं. ज्याने टायसनला घडवलं तो कस डमाटो १९८५ मध्येच गेला होता. त्याच्या तालमीतला केविन रूनी, जो टायसनला ओरडू शकत होता, त्याला १९८८ मध्ये काढून टाकलं. लढतीआधी सरावात ग्रेग पेजने टायसनला खाली पाडलं होतं, तरी कुणी थांबवलं नाही. आणि लढतीत डोळा सुजला, तर सूज दाबायचं थंड लोखंडी साधनसुद्धा कॉर्नरमध्ये नव्हतं. त्यांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून ते डोळ्यावर धरलं. जगज्जेत्याच्या कॉर्नरमध्ये!

मी हसलो होतो तेव्हा. वीस वर्षांनी माझ्याच शेडमध्ये तेच झालं. आमचं पोर जिल्ह्यात पहिलं आलं, दापोलीच्या आझाद मैदानाजवळ त्याचा फ्लेक्स लागला, आणि मी त्याला ओरडणं बंद केलं. उशिरा आला तर “ये रे, बस.” स्पारिंग टाळलं तर “हात दुखत असेल.” खरं सांगायचं तर फ्लेक्सवर कोपऱ्यात माझाही फोटो होता.

५. चॅम्पियनला भीती असते, ती तो घमेंडीखाली लपवतो.

सोडतीचा कागद हातात पडल्यावर आमच्या पोराने समोरच्याचं नावही विचारलं नाही. लोक याला माज म्हणतील. मला आता वाटतं, त्याला ते ऐकायचंच नव्हतं. ज्याच्याकडे गमावण्यासारखं असतं तो जिंकायला जात नाही, राखायला जातो. सांगलीचं पोर मात्र सकाळपासून आमच्या बाउट बघत भिंतीला टेकून उभं होतं. आमचा उजवा हात मारल्यावर डावा खाली राहतो, हे त्याने तिथेच टिपलं असणार. नेमका तिथूनच त्याचा हुक येत होता.

६. हरलेल्याच्या चुका मोजताना जिंकलेल्याचे कष्ट पुसू नयेत.

डग्लसची आई लढतीच्या तीन आठवडे आधी वारली होती. आठव्या राउंडला खाली पडूनही तो उठला. त्या रात्री त्याच्या जॅबपुढे ताजातवाना टायसनही अडखळला असता, असं माझं मत. आणि हाच डग्लस ऑक्टोबर १९९० मध्ये आव्हानवीर होलीफील्डपुढे आला तो सहा-साडेसहा किलो वाढवून. तिसऱ्या राउंडला खलास. आठ महिन्यांत तोही चॅम्पियन झाला होता ना!

आमचं ते पोर आता हर्णैला भावाच्या होडीवर असतं. गणपती गेले की दुसऱ्या दिवशी पहाटे शेडवर हजर होतं आणि नव्या पोरांना आसूदच्या चढाला घालतं. यंदा पाऊस कोसळत होता. मी म्हटलं, “आज राहू दे रे.” तो म्हणाला, “नाही सर,” आणि पोरांना घेऊन निघून गेला.