दुधांतील औषधाचा अंश व तो ओळखणारा प्रकाश

कासदाह झालेल्या गाईस प्रतिजैविक औषध दिलें, सूज उतरली, दूध पूर्ववत् दिसूं लागलें, म्हणजे तें विकावयास हरकत नाहीं असें पुष्कळ शेतकरी बंधु समजतात. हा समज चुकीचा आहे. औषधाचा अंश पुढेंहि कांहीं काळ दुधांत उतरत राहतो. तो डोळ्यांस दिसत नाहीं, आणि दूध उकळल्यानें खात्रीनें नाहींसा होत नाहीं. असें दूध संघाच्या टाकींत मिसळलें तर विरजण बिघडतें, पेनिसिलिन न सोसणाऱ्या मनुष्यास अपाय होण्याचा संभव असतो, आणि रोगजंतु औषधास सरावून पुढें खऱ्या दुखण्यांत औषध निरुपयोगी ठरतें.

हा अंश प्रकाशाच्या साह्यानें कसा ओळखतात तें पाहूं. बँकेंत नोट निळसर दिव्याखालीं धरली असतां तिचा नंबर चमकतो. दिव्यांतील अतिनील किरण आपणांस दिसत नाहींत. परंतु शाईंतील द्रव्य ते शोषून दिसणारा प्रकाश परत देतें. ह्या गुणास प्रतिदीप्ति म्हणतात. क्विनाइनच्या पाण्यांतील निळी झांक हीच होय. केंब्रिजचे अध्यापक स्टोक्स ह्यांनीं इ. स. १८५२ मध्यें तिचा उलगडा केला.

गुरांस नेहमीं दिलें जाणारें ऑक्सिटेट्रासायक्लिन हें स्वतःच पिवळसर चमकतें. परंतु दुधांतील त्याचा अंश अत्यंत सूक्ष्म असतो. आंतरराष्ट्रीय कोडेक्स आयोगाची मर्यादा एक किलो दुधास १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे १०,००० किलो दुधांत अवघा एक ग्रॅम, अशी आहे. शिवाय दुधांतील रिबोफ्लेविन हें जीवनसत्त्वहि हिरवट पिवळें चमकतें. म्हणून प्रथम आम्ल घालून दूध फाडतात व निवळी घेतात. तींत युरोपियम धातूचा क्षार मिसळतात. हा धातु एकटा असतां फार मंद चमकतो. पण टेट्रासायक्लिनचा कण त्यास चिकटला कीं तो कण किरण शोषून त्यांची शक्ति धातूस देतो व तांबडा प्रकाश उजळतो. दिवा मालवतांच दुधाची स्वतःची चमक लागलीच मावळते, ही तांबडी चमक मात्र किंचित् अधिक टिकते. यंत्र तेवढीच मोजतें. माहीत असलेल्या प्रमाणाच्या नमुन्यांशीं ताडून अंश ठरवितात.

दुसऱ्या प्रकारांत उलट रीत आहे. कार्बनचे चमकणारे सूक्ष्म कण औषधाच्या संगतीनें मंदावतात. परंतु इतर द्रव्यांनींहि ते मंदावूं शकतात, म्हणून अशा निकालाची प्रयोगशाळेंत फेरतपासणी अवश्य आहे.

एकच संवेदक सर्व औषधें ओळखीत नाहीं, हें विसरूं नये. युरोपियमची ही कसोटी पेनिसिलिनविषयीं कांहींच सांगत नाहीं. आणि त्याची कोडेक्स मर्यादा तर किलोस अवघी ४ मायक्रोग्रॅम आहे. यास्तव खरा बंदोबस्त गोठ्यांतच झाला पाहिजे:

१. औषध पशुवैद्याच्या सल्ल्यानेंच द्यावें, व दूध किती दिवस वर्ज्य तें विचारून घ्यावें.

२. गाय, औषध, मात्रा, तारीख व वर्ज्य दिवस त्याच दिवशीं वहींत लिहावे. आठवणीवर विसंबूं नये.

३. एकाच सडांत औषध सोडलें तरी चारी सडांचें दूध वेगळें काढावें. तें वासरांसहि पाजूं नये.

चार दिवसांचें दूध गेलें तर तोटा एका घरचा. तें टाकींत गेलें तर साऱ्या गांवचा. प्रकाश चूक दाखवील, ती टाळणें मात्र आपल्याच हातीं आहे.