नाव बदल, पण चोरून नको

ऐक गं, कुठल्यातरी लांबच्या गावी जायचं, भलतंच नाव सांगून खोली घ्यायची आणि मागचं सगळं पुसून टाकायचं, हेच तुझ्या डोक्यात घोळतंय ना? त्यात लाजण्यासारखं काही नाही. घर नकोसं झालं की भल्याभल्यांना असं वाटतं. अगाथा ख्रिस्तीनं तर करून पाहिलं.

हो, तीच, रहस्यकथावाली. 1926 च्या एप्रिलमध्ये तिची आई गेली. ऑगस्टमध्ये नवरा म्हणाला, दुसरीवर प्रेम आहे, घटस्फोट दे. 3 डिसेंबरच्या रात्री सात वर्षांच्या लेकीला घरी ठेवून बाई गाडी घेऊन निघाल्या. सकाळी गाडी सापडली. आत फरचा कोट आणि ड्रायव्हिंग लायसन्स. पोलिसांनी रान पिंजून काढलं. आणि ही हॅरोगेटच्या हॉटेलात! रजिस्टरमध्ये नाव काय, तर मिसेस टेरेसा नील, केपटाऊन. नील कुणाचं आडनाव, ठाऊक आहे? नवऱ्याच्या त्या मैत्रिणीचं. म्हणजे पळाली ती सवतीलाच बरोबर घेऊन. वर 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली, टेरेसा नीलच्या नातलगांनी संपर्क साधावा! नसलेल्या बाईला नातलग कुठून यायचे? मला तर हसूही येतं आणि पोटात तुटतंही. 11 दिवसांनी सापडली. हॉटेलातल्या बँडवाल्यांनी ओळखलं होतं. स्मृती गेली होती, असं घरच्यांनी सांगितलं. आत्मचरित्रात तिनं त्या दिवसांबद्दल चकार शब्द काढला नाही. नसेल सांगायचं तिला.

मला पुढची गोष्ट जास्त आवडते. 1928 मध्ये घटस्फोट झाला. वेस्ट इंडीजला जायचं ठरलं होतं; एका जेवणाच्या वेळी कुणी बगदादबद्दल सांगितलं, तशी तिकीट बदलून ओरिएंट एक्सप्रेसनं निघाली. एकटी, उजळ माथ्यानं. 1930 मध्ये तिकडेच तिला मॅक्स मॅलोवन भेटला, वयानं बराच लहान. त्याच वर्षी लग्न केलं. दुसरं नावही घेतलं बरं का, मेरी वेस्टमॅकॉट, पण ते कादंबऱ्या लिहायला. मोडलेल्या संसाराची सल त्या नावाआडून तिनं लिहून काढली.

तुला जायचंय तर जा. मी अडवणारी नाही. नवरा हात उगारत असेल तर विचार करत बसू नकोस, 181 ला फोन लाव. घर तुझ्या नावावर नसलं तरी 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिथं राहायचा हक्क मागता येतो, हेही डोक्यात ठेव. सज्ञान बाईनं घर सोडणं गुन्हा नाही. खोटी कागदपत्रं करणं आहे. उद्या पोटगीसाठी उभी राहशील तेव्हा त्याचा वकील तेच पुढे करेल. आडनावच नको झालंय? मग राजपत्रात रीतसर छापून आण आणि बदल.

या आठवड्यात एवढं कर. दहावीचं सर्टिफिकेट, आधार, लग्नाचा दाखला आणि दागिन्यांच्या पावत्या आईकडे नेऊन ठेव. गाजावाजा नको. बँकेत एकटीच्या नावानं खातं उघड, आणि ओटीपी तुझ्याच मोबाइलवर येतोय ना, ते काउंटरवरच बघून घे.