ताप आला की लगेच सांगा
(अभ्यासपाठ. वाचन : मार्क 1:29-31)



पावसाळा सरला की निरनिराळ्या मंडळ्यांकडून भेटीची पत्रे येऊ लागतात. कोणी कपडे व ब्लँकेटे घेऊन येतात, कोणी तरुण संघाला घेऊन. तुम्ही यावे, गावे पाहावीत, हीच आमची इच्छा आहे. पण निघण्यापूर्वी हा पाठ वाचावा.

पेत्राची सासू तापाने पडली होती. येशू घरात आला तेव्हा घरच्यांनी लगेच तिच्याविषयी त्याला सांगितले. ताप लपवला नाही, उद्यावर ढकलला नाही. आमच्या भागात एवढ्या गोष्टीवर माणसाचा जीव वाचतो.

भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या जंगल तालुक्यांत हिवताप जुना आहे. येथे फाल्सिपेरम जातीचा जंतू बराच आढळतो. उपचाराला उशीर झाल्यास हा ताप मेंदूत जातो आणि एक-दोन दिवसांत रुग्ण दगावू शकतो.

येण्यापूर्वी : आपल्या डॉक्टरांना किमान दोन आठवडे आधी भेटा. थोड्या दिवसांच्या प्रवासासाठी ते प्रतिबंधक गोळी देऊ शकतात. डॉक्सिसायक्लीन दिली, तर ती प्रवासाच्या दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावरही चार आठवडे घ्यावी लागते. गरोदर स्त्रिया व आठ वर्षांखालील मुलांना ती चालत नाही. गरोदर भगिनींनी व तान्ह्या बाळांच्या आईंनी शक्यतो भेट पुढे ढकलावी.

येथे असताना : हिवतापाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. सायंप्रार्थनेला पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, उघड्या अंगाला डास पळवणारे मलम लावा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपा. गोळी घेतली म्हणून मच्छरदाणी सोडू नका.

परतल्यावर : येथेच आमची एकदा चूक झाली. शहरातील मंडळीचा एक तरुण दोन रात्री आमच्याकडे राहिला. ऑक्टोबरचा उकाडा, म्हणून दुसऱ्या रात्री तो मच्छरदाणीशिवाय अंगणात झोपला. घरी गेल्यावर बाराव्या दिवशी ताप आला. तीन दिवस तापाच्या गोळ्यांवर काढले. डॉक्टरांनाही कुठे जाऊन आलो ते सांगितले नाही. चौथ्या दिवशी तो बरळू लागला, तेव्हा आईला प्रवास आठवला. रक्त तपासले, फाल्सिपेरम निघाला. देवाच्या कृपेने तो वाचला. पण निरोप देताना आम्ही त्याला सावध केले नव्हते, हे मनाला लागून राहिले.

तेव्हापासून प्रत्येक पाहुण्याच्या हाती आम्ही चिठ्ठी देतो : “मी गडचिरोलीच्या जंगलात जाऊन आलो आहे. हिवतापासाठी रक्त तपासा.” ही चिठ्ठी वर्षभर जपून ठेवा. व्हायव्हॅक्स जातीचा जंतू यकृतात दडून महिन्यांनंतरही उठतो. पहिल्या तपासणीत काही निघाले नाही आणि ताप राहिला, तर पुन्हा तपासणी करून घ्या. औषध सुरू झाले की बरे वाटले तरी पूर्ण घ्या.

आमचे गावकरीही प्रवासी आहेत. मिरची तोडायला ते तेलंगणात जातात, तेंदूच्या हंगामात जंगलात मुक्काम करतात. आम्ही त्यांनाही हेच सांगतो : आधी पुजाऱ्याकडे जायचे असेल तर जा, पण त्याच दिवशी आशाताईंकडेही जा. बोटातून थेंबभर रक्त घेतल्यावर साधारण वीस मिनिटांत निदान होते आणि औषध मोफत मिळते. लवकर उपचार झाला, तर त्या घरातून दुसऱ्या घरात ताप जाणेही थांबते. डास जंतू नेतो तो जंतूची लागण झालेल्या माणसाच्या रक्तातून.

पेत्राची सासू बरी होताच उठून सेवा करू लागली. तुम्हीही सुखरूप परतून सेवा करावी, हीच प्रार्थना.

मंडळीत चर्चेसाठी :
1. आपल्या घरी ताप आल्यास आपण किती दिवस थांबतो? का?
2. भेटीला जाणाऱ्या गटात परतल्यानंतर महिनाभर सर्वांची विचारपूस कोण करील?