वर्धनगड उतरा आणि औंधला थांबा

खटाव-कोरेगाव भागात भटकणाऱ्यांचा रविवार साधारण ठरलेला असतो. पहाटे पुणं सोडायचं, साताऱ्याच्या आसपास चहा घ्यायचा, ऊन चढायच्या आत वर्धनगड करायचा, खाली येऊन मिसळ हाणायची आणि दुपारी परतीला लागायचं. फारच उत्साही मंडळी असली तर भूषणगडही पदरात पाडून घेतात. या दोन गडांच्या दरम्यान औंध लागतं. गाडीतून टेकडीवरचं यमाईचं देऊळ दिसतं, हात जोडले जातात आणि गाडी पुढे निघते. त्याच टेकडीच्या अर्ध्या चढावर राजा रविवर्म्याची अस्सल चित्रं आणि हेन्री मूरचं शिल्प आहे, याचा गाडीतल्या निम्म्यांना पत्ताच नसतो.

हा भाग दुष्काळी. गडावर झाडाची सावली शोधावी लागते आणि अकरानंतर कातळ तापायला लागतो. तेव्हा सकाळ गडाला आणि दुपार छपराखाली, ही वाटणी इथे सोयीची. वर्धनगडाला पायथ्याच्या गावातून अर्ध्या-पाऊण तासात माथा गाठता येतो. वर वर्धनीमातेचं देऊळ आहे, तटबंदी बऱ्यापैकी शाबूत आहे. साडेदहापर्यंत खाली उतरलात की पुसेगाववरून औंधला निवांत पोचता येतं. सातारा-कोरेगाव-रहिमतपूर असाही रस्ता आहे. एसटीने येणाऱ्यांना तो बरा, पण परतीच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्याच विचारून ठेवावी.

औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय १९३८ सालचं. ते उभारलं औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी. हे राजे जरा वेगळेच होते. स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे, सूर्यनमस्कार घालायचे आणि साऱ्या संस्थानाकडून घालून घ्यायचे. १९३५ च्या इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली तेव्हा तिच्यासाठी एक लाख रुपये देण्याचा शब्दही त्यांचाच. संस्थान म्हणावं तर ७२ गावांचं, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. एवढ्याशा दौलतीत युरोपातल्या शिल्पापासून हस्तिदंती कोरीवकामापर्यंत सगळं गोळा करणारा माणूस हौशी होता, आणि त्याला नजरही होती. म्हणूनच हे संग्रहालय शहरातल्या मोठ्या संग्रहालयांसारखं वाटत नाही. इथे एका माणसाची आवड दालनादालनांतून पसरलेली आहे आणि त्या आवडीचे रुसवेफुगवेही दिसतात. पाश्चात्त्य चित्रांच्या नकला आहेत, त्यातल्या काही सोडून दिल्या तरी चालतील.

वेळ द्यायचा तो सैरंध्रीला. अज्ञातवासातल्या द्रौपदीला सुदेष्णा कीचकाच्या महाली पाठवते, तो प्रसंग रविवर्म्याने रंगवला आहे. कॅलेंडरांवर, जुन्या छापील तसबिरींत रविवर्मा पाहून आपले डोळे निर्ढावलेले असतात. मूळ तैलचित्रासमोर उभं राहिल्यावर तो छापील गोडवा गळून पडतो आणि समोर उरते ती पुढे काय वाढून ठेवलंय हे ओळखून चुकलेली बाई. आधी दोन हातांवरून पाहा, मग मागे सरकून पाहा. काचेवर उजेडाची तिरीप आली तर जागा बदला, फोन काढू नका. फोटोला परवानगी आहे की नाही हे दारातच विचारलेलं बरं. नियम बदलत असतात.

मग हेन्री मूरचं ‘माता आणि बालक’. रविवर्म्याच्या दागिन्यांनी आणि जरीकाठांनी भरलेले डोळे घेऊन इथे आलं की पहिल्यांदा काहीच कळत नाही. आई आणि मूल एवढंच. अंगावर नाव घ्यावं असं काही नाही. मूर नंतर जगभर गाजला. खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर त्याचं काम आहे याचं आश्चर्य वाटून झालं की शिल्पाभोवती एक फेरी मारा, कारण शिल्प एका बाजूने पाहणं म्हणजे न पाहणंच. बाबूराव पेंटर आणि माधव सातवळेकर यांचं कामही इथे आहे. माधवरावांचे वडील, वेदाभ्यासक पंडित सातवळेकर, तीसेक वर्षं औंधातच राहत होते.

लहान संग्रहालयात सगळं बघायचा हट्ट धरला की काहीच लक्षात राहत नाही. चार-पाच वस्तू निवडाव्यात, बाकी दालनांतून नुसतं चालावं. दीड तास पुरतो. मुलं बरोबर असतील तर प्रत्येकाने एक वस्तू निवडून तिच्याबद्दल जेवताना सांगायचं, असा करार करून पाहा. बाहेर पडल्यावर उरलेला चढ चढून टेकडीवरच्या यमाईच्या मूळपीठाचं दर्शन घ्यावं. वरून औंध गाव आणि आजूबाजूचा माळ दिसतो. मूळपीठापर्यंत गाडीरस्ता आहे, पण गुडघे साथ देत असतील तर पायऱ्यांनीच जावं. गावातल्या यमाईच्या देवळासमोरची दीपमाळ मात्र चुकवू नका.

या गावाचं मोठेपण कपाटांत मावणारं नाही. नोव्हेंबर १९३८ मध्ये राजेसाहेबांनी आपली सत्ता प्रजेला देऊन टाकायचं जाहीर केलं आणि १९३९ च्या सुरुवातीला गांधीजींच्या सल्ल्याने बेतलेली घटना लागू झाली. ग्रामपंचायतींवर उभं राहिलेलं ते राज्य ‘औंधचा प्रयोग’ म्हणून ओळखलं जातं. याच संस्थानातल्या आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत १९३९ मध्ये सुरू झाली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट तिच्यावरून सुचला, आणि तो लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच संस्थानात वाढलेले, औंधात शिकलेले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळ मिळाला तोही औंधकरांकडूनच. घरून निघण्यापूर्वी या गोष्टी थोड्या वाचून आलात तर कपाटांतल्या वस्तू बोलायला लागतात.

औंधहून पुढे वडूज. इथे पाहण्यासारखं काय, असं कुणी विचारलं तर हुतात्म्यांचं स्मारक. ९ सप्टेंबर १९४२ रोजी तहसील कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे त्यात पडले, आणि त्यांच्याबरोबर पडलेल्यांत जयराम स्वामींच्या वडगावची माणसं होती. वडूज ब्रिटिश मुलखात आणि शेजारी औंधचं राज्य, असा हा मुलूख. इंग्रजांविरुद्धच्या भूमिगत प्रतिसरकारचं मोठं ठाणं असलेलं कुंडलही औंध संस्थानातलंच. त्यामुळे औंध आणि वडूज एकाच दिवशी पाहिलं की १९४२ चा सातारा नीट उलगडतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला राज्यभर हुतात्मा स्मारकं बांधली गेली. बहुतेकांचा घाट सारखाच आहे आणि अवस्था गावागणिक वेगळी: कुठे अभ्यासिका चालते, कुठे कुलूप असतं. कुलूप दिसलं म्हणून माघारी फिरू नये. नगरपंचायतीत किंवा शेजारच्या टपरीवर विचारलं की किल्ली कुणाकडे ते कळतं, आणि ज्याच्याकडे किल्ली असते त्याच्याकडे बहुधा माहितीही असते. भिंतीवरची नावं मात्र सावकाश वाचा. आडनाव आणि गाव एकत्र वाचलं की मोर्चा कुठून कुठून आला होता त्याचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो.

एवढ्यात दिवस संपतो. पाय अजून शिवशिवत असतील तर संध्याकाळी हरणाईदेवीचा भूषणगड करता येईल, पण साताऱ्याचं शिवाजी संग्रहालय त्याच दिवशी उरकायच्या फंदात पडू नये. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तिथे मांडली गेली, तेव्हा लोकांची रीघ लागली होती. औंधात तशी गर्दी नसते, त्याचा फायदा घ्या. पुण्याकडे परतताना महामार्गापासून आत नायगाव आहे, सावित्रीबाई फुल्यांचं जन्मघर. ३ जानेवारीला तिथे मोठा मेळा भरतो. घर निवांत पाहायचं असेल तर दुसरा दिवस निवडावा, आणि औंधबरोबर न जोडता स्वतंत्र फेरी करावी.

सरकारी संग्रहालयं बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून जोडून सुट्टी घेतली असेल तर आधी चौकशी करा. पौषात यमाईची यात्रा भरते आणि मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांची; त्या दिवसांत रस्ते तुंबतात. पाणी माणशी दोन लिटर लागतंच. थंडीत गेलात तर कोरेगावला थांबून वाघ्या घेवडा घ्या, त्याला भौगोलिक मानांकन आहे आणि उसळ झकास होते. संग्रहालयातून निघताना अभिप्रायाच्या वहीत ‘छान आहे’ एवढंच लिहून सही ठोकू नका. कोणती पाटी पुसट झाली आहे, कोणत्या चित्रावर ऊन येतं, कुठल्या वस्तूखाली माहितीच नाही, ते नेमकं लिहा.